मळलेल्या वाघिणी

मामूंनी शारजाहून येताना आमच्या धाकट्यासाठी रेल्वेचा सेट आणला. खेळणे म्हटले की तो चिडतो. "मॉडेल म्हणा," असा त्याचा आग्रह. एक इंजिन, तीन मालडबे आणि रुळांचे लांबट कडे. डब्यांपैकी एक बंद, एक वरून उघडा आणि एक तेलाची टाकी. तिन्ही इतके चकचकीत की ट्यूबलाइट त्यांत दिसावी.

हे वेड त्याला पुण्यात लागले. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. सुट्टीत आम्ही त्याला तिथे नेले आणि तो बाहेर निघायलाच तयार होईना. तेव्हापासून घरी रेल्वेशिवाय दुसरा विषय नव्हता. म्हणून सेट आला त्या दिवशी अख्खे घर जमिनीवर बसले होते. अब्बा तेवढे खुर्चीत.

गाडीने तीन फेऱ्या मारल्या. अब्बा चष्मा पुसून म्हणाले, "गाडी छान आहे. पण एक दिवस तरी लाईनवर गेलेली दिसत नाही."

धाकट्याचा चेहरा उतरला. "का, दादा?"

"मळली कुठंय?"

अम्मी गेल्यापासून अब्बांचे बोलणे मोजके झाले होते. नमाज, वर्तमानपत्र, औषधाची वेळ. कोणी काही विचारले तर उत्तर, नाही तर गप्प. त्यांनी होऊन एखादा विषय काढला असे कित्येक महिन्यांत घडले नव्हते. त्यामुळे आम्ही सगळे थोडे सावरून बसलो.

धाकट्याने विचारले, "तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर रेल्वेच्या ऑफिसात होता ना?"

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. अब्बा ऑफिसात कधीच नव्हते. भुसावळच्या यार्डात ते मालडब्यांचे फिटर होते, पूर्ण सदतीस वर्षे. आलेली गाडी तपासायची, बिघडलेला डबा सिक लाइनला काढायचा, त्याखाली शिरून दुरुस्त करायचा. त्यांचे कपडे अम्मी वेगळ्या बादलीत धूत असे. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला की आम्ही भावंडे "रेल्वेत" एवढेच सांगायचो. पुढे कोणी खोदून विचारलेच तर "ऑफिसात". पुढे तेच आम्ही आमच्या मुलांनाही सांगितले असणार. आता आठवतही नाही कधी.

अब्बांनी एकदा आमच्याकडे पाहिले. मग नातवाला म्हणाले, "हो. आमचं ऑफिस डब्याच्या खाली होतं."

तेव्हापासून रोज असरनंतर आमच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरायचे आणि डबे मळवायचे काम सुरू झाले. जे शिकलो आणि जे बिघडवले ते दोन्ही इथे सांगतो, कारण यासाठी लागणारे बहुतेक सामान तुमच्याही घरात पडलेले असेल.

परदेशात या कामाला वेदरिंग म्हणतात; ऊन, पाऊस आणि वापर यांनी वस्तूवर जी कळा येते ती मुद्दाम आणायची. ही हौस मूळची तिकडचीच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी जॉन ॲलन नावाचे एक छायाचित्रकार होते. त्यांनी घराच्या तळघरात एक काल्पनिक रेल्वे उभारली आणि तिचे नाव उच्चारले तर इंग्रजीत 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असे ऐकू यावे अशी गंमत केली. इतरांची मॉडेले दुकानातून आणल्यासारखी कोरी असत त्या काळात यांची इंजिने काजळलेली, डबे गंजलेले आणि लाकूड उन्हाने विटलेले असे. १९७३ साली ते वारले आणि थोड्याच दिवसांत आग लागून ती रेल्वेही गेली. उरले ते फोटो. धाकट्याने अब्बांना ते दाखवले. अब्बांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "या माणसानं डबे नीट पाहिलेत."

आता कामाचे. पहिली चूक सगळ्यांची होते ती आमचीही झाली: हात सैल सुटणे. आमचा सेट १:८७ या मापाचा आहे, म्हणजे खरी वस्तू ८७ पट मोठी. कोळसा वाहणारी आपली उघडी बॉक्सएन वाघीण कपलरासकट सुमारे १०.७ मीटर लांब असते; या मापात ती जेमतेम १२ सेंटिमीटर भरते. साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरही होत नाही. म्हणजे ब्रशने तुम्ही एक मिलिमीटरचा गंजाचा ठिपका टेकवला, तर खऱ्या डब्यावर तो जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा डाग झाला. आम्ही पहिल्या दिवशी टेकवलेले ठिपके पाहून अब्बा म्हणाले, "डब्याला देवी आल्यात काय?"

(मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात हे धाकट्याला तेव्हाच कळले आणि तो खूप हसला. 'वॅगन'ची झाली वाघीण. यार्डात सगळे वॅगनच म्हणत, पण जुन्या मराठी खलाशांच्या तोंडी वाघीणच असे, असे अब्बा सांगतात.)

तर आधी डबा धुवा. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब कोमट पाण्यात घालून मऊ ब्रशने पुसा, वाळू द्या, मग कडेला धरा. बोटांचे तेल लागले की रंग धरत नाही. त्यावर मॅट वॉर्निशचा एक पातळ हात द्या. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात ते मिळते. या सगळ्या प्रकारात विकत आणावी लागणारी वस्तू जवळजवळ एवढीच, आणि ती टाळू नका. चकचकीत प्लास्टिकवर भुकटी टिकत नाही, फुंकरीने उडते. मॅट पृष्ठभाग खरखरीत असतो, तो भुकटी पकडतो.

वॉर्निश वाळले की मळाचे पाणी. काळा आणि तपकिरी अॅक्रिलिक रंग थोडासा, पाणी भरपूर आणि पुन्हा साबणाचा एक थेंब. साबणाशिवाय पाण्याचे मणी होतात आणि ते वाळून गोल डाग पडतात. हे पाणी सगळ्या डब्यावरून फिरवायचे आणि लगेच जुन्या बनियनच्या फडक्याने वरून खाली पुसायचे. सपाट भाग स्वच्छ होतो, खाचांत, फळ्यांच्या सांध्यांत, रिवेटांच्या कडेला मळ राहतो. नेहमी वरून खाली. पाऊस डब्यावरून आडवा वाहत नाही. एवढे एक जरी पाळले तरी डबा पाच वर्षांनी म्हातारा दिसतो.

यानंतर भुकट्या. खरी मजा त्यांत आहे आणि आमची थोरलीही इथेच आमच्यात सामील झाली. तांबूस गंजासाठी कुंड्यांना लावायचा गेरू; तो मुळात लोहाची माती असल्यामुळे गंजाचा रंग त्याला शिकवावा लागत नाही. धुळीसाठी मुलतानी मिट्टी. राखाडी रंगासाठी चुलीची किंवा शेगडीची राख, चहाच्या गाळणीतून दोनदा गाळलेली. काळ्यासाठी इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा, खलबत्त्यात नव्हे, जाड पिशवीत घालून लाटण्याने कुटलेला. रंगीत खडू पॉलिश पेपरवर घासले की हव्या त्या छटा मिळतात. कोरड्या मऊ ब्रशने भुकटी टेकवायची, जिरवायची, जास्तीची झटकायची. डोळ्यांच्या मेकअपचा जुना ब्रश यासाठी फार चांगला, असे थोरलीचे मत आहे आणि ते बरोबर निघाले. नाकावर रुमाल बांधा आणि यासाठी वापरलेली वाटी, गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

कोणी सुरमा सुचवेल. आम्हालाही सुचला होता, काळा आणि किंचित चमकणारा. पण पुष्कळ सुरम्यांत शिसे असते. मुलांच्या हाती तो भुकटी म्हणून देऊ नका.

खाण्याचे पदार्थही नकोत. आम्ही पिवळ्या मातीसाठी हळद वापरून पाहिली. आठ दिवस सुरेख दिसली, मग गॅलरीच्या उन्हात विटून गेली. हळदीचा रंग उजेडात टिकतच नाही. कॉफीची भुकटी दमट हवेत चिकट झाली आणि तिला मुंग्या लागल्या. माती, राख, कोळसा, गंज यांना मुंग्या लागत नाहीत.

खऱ्या गंजाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. लोखंडाला गंज आणून तोच डब्यावर लावायचा असे ठरले. आम्ही भांडी घासायची तारेची घासणी सिरक्यात बुडवून ठेवली. चार दिवस झाले, काही नाही. पाचव्या दिवशी अब्बा म्हणाले, "स्टेनलेस आहे ती. न गंजायलाच बनवलीय." हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी स्टील वूल मिळते, ते हवे. आधी साबणाने धुऊन त्यावरचे तेल काढायचे, मग सिरका आणि मिठाचे पाणी शिंपडून उघड्या थाळीत ठेवायचे. झाकण लावून बंद बरणीत नको, वायू धरतो. दोनतीन दिवसांत ते नारिंगी होऊन चुरगळते. पूर्ण वाळवून, चुरून, गाळून घेतले की याहून खरा गंज जगात नाही. मात्र ही भुकटी मालडब्यांवरच. इंजिनाच्या मोटरीत चुंबक असतो. न गंजलेली लोखंडाची एखादी तार आत गेली की इंजिन बसलेच.

हे झाले सामान. पण डाग कुठे पाडायचा, हे सामान सांगत नाही. ते अब्बांनी सांगितले.

बंद डब्याच्या चाकांवर धाकट्याने काळा रंग लावून तेलाचे ओघळ काढले होते, कारण फोटोत तसे पाहिले होते. अब्बांनी भिंग घेऊन पाहिले. "हे कशाचं तेल?" आणि मग त्यांनी समजावले. ते नोकरीला लागले तेव्हा चार चाकांचे जुने डबे सर्रास होते. त्यांच्या आसाच्या टोकाला पेटी असे, तीत तेल आणि तेलात भिजवलेला सुताचा बोळा. ते तेल गळायचे, पेटीवर आणि चाकावर काळे ओघळ यायचे, त्यावर धूळ बसायची. तेल संपले की आस तापायचा. गाडी आली की पेट्यांना हात लावत लावत चालायचे. अंधारात वासानेच कळायचे. पुढे बोगीवाले मोठे डबे आले, त्यांना बंद रोलर बेअरिंग. ते गळत नाही. "तुझा डबा बोगीचा आहे बेटा. त्याला तेल नको, ब्रेकची धूळ दे."

ब्रेकची धूळ म्हणजे काय? लोखंडी ब्रेक ब्लॉक चाकावर घासतात, झिजतात, आणि तो बारीक चुरा खालच्या सगळ्या भागावर बसून गंजतो. म्हणून डब्याचा खालचा भाग काळा नसतो, तपकिरी असतो. चाकाचा चेहराही तपकिरी. फक्त रुळावर टेकणारी कड आरशासारखी. मॉडेलमध्येही ती कड स्वच्छच ठेवायची. तिथे भुकटी गेली तर ती रुळांवर पसरते आणि इंजिनाला वीज नीट मिळत नाही. आमची गाडी दोन दिवस अडखळत होती ती यामुळेच.

मग डबा काय वाहतो, हा प्रश्न. धाकट्याला तो सुचलाच नव्हता. सिमेंटचा डबा दारांपाशी राखाडी, आणि पावसात भिजून ते तिथेच थिजलेले. धान्याच्या डब्याच्या छपरावर कबुतरांची घाण हवीच, कारण धान्य सांडते आणि कबुतरे यार्डातच मुक्काम करतात. (टूथपिकच्या टोकाने पांढऱ्या-राखाडी रंगाचे मोजके ठिपके, छपराच्या एकाच टोकाला. थोरलीने हे काम आनंदाने केले.) मीठ आणि खत वाहणारा डबा सगळ्यांत वाईट गंजतो. कोळशाची उघडी वाघीण बाहेरून काळी नसते, आतून असते. आणि आत रंग टिकत नाही, कोळसा भरताना-काढताना तो खरवडला जातो. म्हणून आत गंज, कडेला उघडे लोखंड, कोपऱ्यात साचलेला चुरा.

बंद डबा मिठाचा करायचा ठरले, आणि योगायोग असा की त्यासाठीची युक्तीही मिठाचीच आहे. आधी जिथे गंज हवा तिथे गेरूच्या रंगाचा अॅक्रिलिक हात देऊन पूर्ण वाळू द्यायचा. मग तो भाग पाण्याने किंचित ओला करून त्यावर जाडे मीठ भुरभुरवायचे. वाळले की मीठ चिकटून बसते. आता त्यावर डब्याचा वरचा रंग द्यायचा, स्पंजाने हलके टेकवत, फासायचा नाही. तो वाळला की ओल्या जुन्या टूथब्रशने मीठ घासून काढायचे. मिठाचा खडा जिथे होता तिथला वरचा रंग निघतो आणि खालचा गंज डोकावतो, रंगाचे पोपडे उडाल्यासारखा. कडा अशा वेड्यावाकड्या येतात की हाताने काढून येणार नाहीत. नंतर डबा साध्या पाण्याने धुवा, नाही तर मिठाचे पांढरे पुट वर येते.

हे करताना दारावर एक ठिपका भलताच मोठा झाला. थोरलीने घाईने नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला. रंग गेला, पण त्याबरोबर दाराच्या रेषाही वितळून गेल्या. रिमूव्हरमधले ॲसिटोन असे प्लास्टिक विरघळवते. ती रडकुंडीला आली. अब्बांनी डबा हातात घेऊन बोट फिरवले आणि म्हणाले, "शंटिंगला मार लागलाय दाराला. असे शेकड्यांनी ठोकून सरळ केलेत." आता तिथे गंजाचा एक ओघळ आहे आणि तो डबा आमच्याकडचा सर्वांत देखणा आहे.

उघड्या वाघिणीत भरायचा कोळसा सोपा. थर्मोकोलचा तुकडा आत बसेल असा कापून वरून थोडा उंचसखल करायचा, काळा रंग द्यायचा, त्यावर कुटलेला कोळसा पसरून पातळ केलेले फेविकॉल थेंबाथेंबाने सोडायचे. यातही साबणाचा एक थेंब. रात्रभर वाळू द्यावे.

सगळ्यावर शेवटी मॅट वॉर्निशचे दोन अगदी पातळ हात, फवाऱ्याने मिळाले तर उत्तम. वॉर्निश मारले की अर्धी भुकटी नाहीशी झाल्यासारखी वाटते. घाबरू नका, पुन्हा थोडी लावा आणि पुन्हा हलका हात द्या. दोनदा केले की हवा तितका मळ उरतो.

अब्बांच्या हाताला कंप आहे. ब्रश त्यांनी एकदाच धरला आणि ठेवून दिला. ते सांगत, धाकटा करी. पण एक काम त्यांनी कोणाला करू दिले नाही. मालडब्याच्या अंगावर यार्डातले लोक खडूने काहीबाही लिहीत: कुठे जायचा, कशासाठी थांबवला, एखादी फुली, एखादा आकडा. पांढऱ्या पेन्सिलीला बारीक टोक करून ते लिहायला अब्बा स्वतः बसले. अक्षर तीन मिलिमीटरचे, हात थरथरणारा. धाकटा श्वास रोखून पाहत होता. झाले ते वाकडेतिकडे झाले. अब्बांनी डबा उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "रात्रपाळीचं आहे. असंच येतं. एका हातात बत्ती असते."

आता घरी पाहुणे आले की धाकटा त्यांना रुळांपाशी नेतो. कोणता डाग कशाचा ते सांगतो. परवा त्याच्या वर्गातली दोन मुले आली होती. त्यांना तो म्हणाला, "माझे दादा वॅगन फिटर होते. भुसावळला." आम्ही आत चहा गाळत होतो, ते आम्हाला ऐकू आले. अब्बांनाही आले असावे, कारण वर्तमानपत्राचे पान बराच वेळ उलटले नाही.

टाकीचा डबा अजून तसाच आहे, कोरा. मळाचे पाणी तयार आहे, झाकणाखालून काळे ओघळ कसे येतात हेही अब्बांनी सांगून झाले आहे. शुक्रवारी धाकट्याने विचारले, "दादा, टाकी कधी करायची?"

"राहू दे तिला."

"पण दोन मळलेल्या आणि एक कोरी?"

"आत्ताच वर्कशॉपमधून आलीय. गाडीत एखादी अशी असतेच. सगळ्या सारख्या मळल्या तर समजावं, कोणी मुद्दाम मळवल्यात." मग त्यांनी पांढरी पेन्सिल त्याच्या हातात दिली. वर्कशॉपमधून निघालेल्या डब्यावर दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते, ती लिही म्हणाले.

"कुठली लिहू?"

"आजचीच लिही."